नूरीचे तापलेले खूर: पडेगावातले तीन आठवडे

प्राणिशास्त्र घेऊन बी.एस्सी. झाले तेव्हा झुरळाची पचनसंस्था मी झोपेतून उठून काढून दाखवली असती. पण मांजरापेक्षा मोठ्या जनावराला आयुष्यात कधी हात लावला नव्हता. आता पुढे काय, असं घरातल्या भिंतीसुद्धा विचारू लागल्या होत्या, तेव्हा एका मैत्रिणीने सूचना पाठवली. छत्रपती संभाजीनगरजवळ, पडेगावच्या पुढे, कष्टाच्या जनावरांचं एक छोटं उपचार केंद्र आहे. घोडे, गाढवं, बैल. विद्यार्थ्यांना आणि नुकत्याच पदवीधर झालेल्यांना तिथे तीन आठवडे राहून काम शिकता येतं. राहणं फुकट, मानधन शून्य, आणि खाली एक ओळ: 'हातांनी काम करायची तयारी असेल तरच यावे.'

आई म्हणाली, "शेणच काढायचं तर नाशिकला म्हशी कमी आहेत का?" बाबा पेपरातून डोकं न काढता म्हणाले, "जाऊ दे तिला. चार दिवसांत परत येईल." मला कुणी असं म्हटलं की माझं डोकं फिरतं. त्याच संध्याकाळी बॅग भरली.

डिसेंबरातला पहिला आठवडा. नाशिकहून सकाळची एसटी धरली. बायकांना अर्धं तिकीट आहे, त्यामुळे पाच तासांचा प्रवास दोनशेच्या आत झाला. येवल्याला चहा-वडा, मग वैजापूर, आणि दोन्ही बाजूंना कापसाची शेतं. खिडकीजवळची जागा मिळाली तर हा रस्ता मुळीच कंटाळवाणा नाही, फक्त थंडीत उन्हाची बाजू बघून बसा. मध्यवर्ती बसस्थानकाबाहेर रिक्षावाल्याला पत्ता सांगितला.

"घोड्यांचा दवाखाना? आन् घोडा कुठंय?" त्याने माझ्या मागे बघत विचारलं.

"मी शिकायला चाललेय."

"मग बसा," तो म्हणाला, आणि छावणी, नगर नाका, पडेगाव असं करत त्याने मला दौलताबाद रस्त्याच्या एका कच्च्या फाट्यावर सोडलं. तिथून दहा मिनिटं चालत. चाकांची बॅग आणू नका, एवढंच सांगते. माझं एक चाक अजून त्या रस्त्यावर कुठेतरी असेल.

केंद्र म्हणजे तीन पत्र्याच्या शेड, एक मोठं कडुलिंबाचं झाड, पाण्याचा हौद आणि टोकाला दोन खोल्या. डॉक्टर सोनवणे मॅडम चाळिशीच्या, कमी बोलणाऱ्या. सगळी जनावरं मात्र सांभाळायचे ते कडूबामामा. साठीचे, डोक्याला कायम टॉवेल. त्यांची बिडकीनकडची जमीन कारखान्यांच्या वसाहतीत गेली, बैल विकावे लागले, आणि बैलांशिवाय करमेना म्हणून ते इथे आले. मुलगा कंपनीत आहे, जवळच पडेगावात घर बांधलंय, सगळं नीट आहे. "पर घरात बसून काय टीव्हीला वैरण घालू?" असं त्यांचं म्हणणं.

पहिले चार दिवस मी अक्षरशः लीद आणि शेण काढलं. सहाला उठायचं, हौद घासायचा, वैरण टाकायची, मग दोन गाढवांना आणि एका म्हाताऱ्या घोड्याला खरारा करायचा. खरारा म्हणजे लोखंडी दाताच्या फणीने अंग घासणं. तो केल्यावर घोडा झकास दिसतो आणि आपण घोड्यासारखे दिसतो. जाणाऱ्यांसाठी टीप: जुने कपडे, टाचा झाकणारे बूट, धनुर्वाताचं इंजेक्शन घेऊनच जा. जेवण मामांच्या घरून यायचं, महिन्याच्या मेसपेक्षा स्वस्त. बाजरीची भाकरी, ठेचा, आणि येसराची, म्हणजे भाजलेली धान्यं आणि मसाले दळून केलेल्या पिठाची, आमटी. ती आमटी पहिल्या दिवशी खाल्ली तेव्हा कानातून वाफ निघाली. तिसऱ्या दिवशी मी दुसऱ्यांदा मागून घेतली.

बाबांचे चार दिवस संपले आणि पाचव्या दिवशी सकाळी नूरी आली.

लहान टेम्पोतून तिला उतरवायला पाऊण तास लागला. पांढरीशुभ्र घोडी, कपाळावर अजून कालच्या लग्नाचं कुंकू. पण उभी अशी, की पुढचे दोन्ही पाय लांब टाकलेले आणि सगळं वजन मागे. तापलेल्या तव्यावर कुणी उभं केलंय असं वाटत होतं. पाऊल उचलायचं म्हटलं की थरथरायची. तिचे मालक रशीदभाई, मिटमिट्याला राहणारे, लग्नाच्या वरातींना घोडी घेऊन जाणारे. पन्नाशीचा धिप्पाड माणूस, पण चेहरा पडलेला.

डॉक्टरांनी माझा हात धरला आणि नूरीच्या पुढच्या खुरावर ठेवला. खूर गरम होता. मग खुराच्या जरा वर, मागच्या बाजूला माझी बोटं दाबून धरली. तिथे नाडी धाडधाड उडत होती.

"निरोगी घोड्याची इथली नाडी हाताला जेमतेम लागते," त्या म्हणाल्या. "ही खुराच्या आतली सूज आहे. वाढली तर आतलं हाड खाली सरकतं. मग घोडी पुन्हा उभी राहत नाही."

"पुन्हा म्हणजे?"

"म्हणजे कधीच."

मग त्यांनी रशीदभाईंना विचारलं की काय खाल्लं हिने. असं बहुतेक वेळा धान्य जास्त झाल्यावर होतं. पोत्यात तोंड घातलं का कधी?

"अल्ला कसम नाय, मॅडम. कडबा, वाळलं गवत आन् सकाळी एक मूठ बाजरी. पोतं तर मी कुलपात ठेवतो." ते कळवळून सांगत होते आणि खोटं बोलत नव्हते, हे दिसत होतं. डॉक्टर कोड्यात पडल्या. कारण कळल्याशिवाय बरी केली तरी पुन्हा होणार, हे त्यांनी स्पष्ट सांगितलं.

माझ्याकडे काम आलं ते असं: दिवसातून चार वेळा अर्धा अर्धा तास नूरीचे पुढचे पाय थंड पाण्यात ठेवायचे, प्रत्येक वेळी नाडी बघायची आणि पाटीवर खडूने लिहायची. जोरात, मध्यम, हलकी. तिच्याखाली आम्ही वाळूचा जाड थर टाकला. खायला फक्त भिजवलेलं वाळकं गवत. पाटीवर तीन दिवस 'जोरात' शिवाय काही लिहिलं गेलं नाही. डिसेंबरातल्या सकाळी बादलीत हात घालून बसल्यावर बोटं बधिर व्हायची आणि नाडी बघायला ती आधी शर्टात घालून गरम करावी लागायची. नूरी माझ्या डोक्यावर हनुवटी टेकवायची. मी तिच्या प्रेमात पडले, दुसरं काय.

आणि प्रेमात माणूस मूर्खपणा करतो. आठव्या दिवशी दुपारी भाकरीबरोबर आलेला गुळाचा खडा मी गुपचूप तिच्यापुढे धरला. तो तिच्या दातांखाली फुटला आणि मागून आवाज आला.

"काय चारलंस?" कडूबामामा. तोवर मला त्यांनी एकदाही आवाज चढवून काही म्हटलं नव्हतं.

"एवढासा गूळ, मामा."

"एवढासा का आसंना! डॉक्टरीण बाईनं काय सांगितलं? शिकल्यासवरल्या पोरीला येवढं बी कळंना व्हय?"

लाज वाटली, आणि लाज वाटली की मी वाद घालते. "अहो, पण आमच्याकडे परण्याला घोडीला ताट भरून देतात की! भिजवलेली हरभऱ्याची डाळ आणि गूळ. मीसुद्धा दिलंय. एवढ्याशा खड्याने..."

तिथेच माझी जीभ थांबली. नवरदेव घोडीवर बसून मारुतीच्या देवळात जातो त्या मिरवणुकीला आमच्याकडे परण्या म्हणतात. आधी घरातल्या बायका घोडीला ओवाळतात आणि डाळ-गूळ भरवतात. गेल्या मे महिन्यात दादाच्या लग्नात मी तीन वेळा भरवलं होतं, कारण पहिल्या दोन वेळी माझे डोळे फोटोत मिटले होते. माझ्यामागे काकू, मामी, दोन माम्या आणखी.

डॉक्टर खोलीच्या दारात उभ्या राहून ऐकत होत्या. रशीदभाई त्या दिवशी नूरीला बघायला आले होते, वाळूवर बसले होते; त्यांना त्यांनी हळूच विचारलं, "दाट तिथी होत्या ना? हिने किती वराती केल्या?"

"संध्याकाळच्या दोन. दहा-बारा दिवस सलग."

"आणि प्रत्येक ठिकाणी ताट?"

रशीदभाई हसलेच. "वो तो शगुन है, मॅडम. खाना थोडी है!"

मग त्यांचं हसू हळूहळू उतरलं. त्यांनी नूरीकडे बघितलं, स्वतःच्या हातांकडे बघितलं. एका संध्याकाळी दोन ताटं, प्रत्येक ताटात आठ-दहा जणींच्या मुठी, आणि हे सगळं आशीर्वाद म्हणून, त्यामुळे त्याला खाणं म्हणायचं कुणाच्या डोक्यातच आलं नव्हतं. त्यांच्याही आणि माझ्याही.

"मीच लगाम धरून उभा असायचो," ते म्हणाले. "कुणी कमी भरवलं तर मीच बोलायचो, और दो ना, भाभी." आणि टोपी काढून ते हमसून रडले. मामा त्यांच्याजवळ जाऊन बसले. "माह्या बैलाला पोळ्याला मीच पुरण चारत व्हतो," एवढंच म्हणाले.

गुळाच्या खड्याबद्दल डॉक्टर मला नंतर एकटीला बोलल्याच, आणि कारण सापडलं म्हणून त्यातला एक शब्दही कमी केला नाही.

त्यानंतर रशीदभाई रोज येऊ लागले. उरलेल्या वराती त्यांनी चुलतभावाच्या घोड्याकडे दिल्या, भर सीझनमध्ये. एका बादलीत मी, दुसऱ्या बादलीत ते. एका शुक्रवारी त्यांच्या बायकोने, शाहीनभाभींनी, आमच्यासाठी नान-खलिया पाठवला, म्हणजे नान आणि मटणाचा झणझणीत रस्सा. शहरात तो हॉटेलांत मिळतोच, आवर्जून खा, पण घरचा तो घरचा. नानचा तुकडा रश्शात बुडवून तोंडात टाकला आणि मी येसराच्या आमटीशी बेइमानी केली.

पाटीवर दहाव्या दिवशी 'मध्यम' आलं. मामांनी मला सक्तीने सुट्टी दिली. "जा, किल्ला बगून ये. सारखी नाडी धरून घोडी बरी व्हत नसती." दौलताबाद तिथून जवळ, रस्त्यावरून मिळेल त्या रिक्षाने जा, सकाळी लवकर चढा, पाणी बरोबर घ्या आणि अंधाऱ्या वाटेसाठी विजेरी. वरून दिसणारा मुलूख बघून खूप मोकळं वाटलं. खाली उतरून मीठ-तिखट लावलेले पेरू खाल्ले आणि चारच्या बादलीला परत हजर झाले, कारण मला राहवेना.

सतराव्या दिवशी सकाळी मी नेहमीप्रमाणे बोटं गरम केली, खुराच्या वर दाबली आणि नाडी लागेना. इकडे बघितलं, तिकडे बघितलं. दुसऱ्या पायालाही नाही.

"मामा! नाडीच सापडत नाहीये!"

ते आले, शांतपणे वाकले, बराच वेळ बोटं ठेवून राहिले. "हाय की. जराशी. दमानं बग." आणि मग त्यांच्या सगळ्या सुरकुत्या हसल्या. "आगं येडे, घावंना म्हंजी बरी झाली ती!"

दुपारी डॉक्टरांनी दावं सोडायला सांगितलं. रशीदभाई चार पावलं पुढे जाऊन उभे राहिले. नूरीने वाळूच्या कडेला येऊन कडक जमीन हुंगली, एक पाय ठेवला, थांबली, दुसरा ठेवला. आणि चालत त्यांच्यापर्यंत गेली. लंगडत नाही, अगदी टेचात. मी पाटीमागे तोंड लपवून रडले आणि त्याची मला अजिबात लाज वाटली नाही.

निघताना डॉक्टरांनी प्रमाणपत्र दिलं. दोन महिने सक्तीचा आराम, मग जमलं तर एखादी छोटी वरात, आणि डाळ नाही म्हणजे नाही, असं त्यांनी रशीदभाईंना तीनदा बजावलं. शगुन नाकारला तर लोक मलाच नाकारतील, ही रशीदभाईंची धास्ती होती. मामांनी येसराची पुडी दिली.

घरी येऊन आता अडीच महिने झाले. आई म्हणते माझे हात गड्यासारखे झालेत, आणि मला ते आवडतात. खर्चाचं विचाराल तर जाणंयेणं, जेवण, किल्ला, बूट धरून साडेचार हजारांत सगळं बसलं. पुस्तकातलं किती उपयोगी पडलं? फारसं नाही. पण जनावर दुखतंय हे त्याच्या उभं राहण्यावरून ओळखता येतं, आणि आपल्या मायेनेही त्याला इजा होऊ शकते, हे आता मला माहीत आहे. पशुवैद्यक सहायकाच्या अभ्यासक्रमाचा अर्ज भरलाय. बाबांनी फी विचारली, दिवस मोजले नाहीत.

काल दुपारी रशीदभाईंचा फोन आला. परवा नूरीची पहिली वरात झाली, छोटीशीच, दोन गल्ल्यांची.

"आणि ताट?" माझा पहिला प्रश्न.

"आलं ना! नवरदेवाच्या आत्या हे मोठं ताट घेऊन आल्या. मी बोललो, ताई, डॉक्टरनं मना केलंय. त्या बोलल्या, शुभ दिवशी नाही कसं म्हणता? सगळ्या बायका तोंड पाडून उभ्या. बँड बंद. मेरेकू कुछ सुझाच नै."

"मग?"

"मग मी बोललो, नूरी के हिस्से का मैं खाता. आन् हात पुढं केले. आत्याबाई आधी रागावल्या, मग हसल्या, मग सगळ्याच हसल्या आन् एकेक मूठ मलाच भरवली. ओवाळलं बी. पूरी थाली, मॅडम! कच्ची डाळ!"

"अहो, सगळी खाल्लीत?"

"हौ, तो क्या करता? कालपासून पोट धरून पडलोय," ते समाधानाने म्हणाले. "नूरी एकदम मस्त है."