जपानी डोंगर आणि अक्काचा खांदा

चहा घ्या, आणि एका विद्वानाची फजिती ऐका. विद्वान म्हणजे मीच. तंजावुरात लोक मला तो शब्द लावतात. ही हकिगत ऐकल्यावर तुम्हीही लावाल, पण जरा वेगळ्या सुरात.

देशाची दारे नुकतीच परदेशी मालाला उघडली होती, तेव्हाची गोष्ट. गावात केबल आली, परदेशी थंड पेये आली आणि त्यांच्या पाठोपाठ रेकी आली, नुसता हात ठेवून दुखणे घालवणारी जपानी विद्या. जपानी म्हटले की टेपरेकॉर्डर असो वा आरोग्य, आमच्याकडे कोणी आत काय आहे ते उघडून पाहत नसे. कोपऱ्यावरच्या वैद्याशी चूर्णाच्या पुडीवरून घासाघीस करणारी माणसे हवेतून येणाऱ्या शक्तीसाठी मात्र निमूट रांगेत उभी होती. मी लोकसाहित्याचा अभ्यासक. श्रद्धेची टिंगल मी करीत नाही. पण पावती फाडून विकलेली श्रद्धा दिसली की माझी जीभ आवरत नाही.

माझ्या थोरल्या बहिणीचा, अक्काचा, उजवा खांदा आखडला होता. हात कानापर्यंत जात नसे. वेणी घालायला सून लागे. डॉक्टरांनी बजावले होते, भिंतीसमोर उभे राहून बोटांनी रोज थोडे थोडे वर चढा, नाहीतर हा हात असाच राहील. अक्काला तो उपचार नव्हे, अपमान वाटला.

"एवढं शिकून हेच सांगटला? भिंत चढायला मी पल्ली का?"

पल्ली म्हणजे पाल. आमच्या तंजावुरी मराठीत तमिळ शब्द असे भिंतीवरच्या पालीइतकेच घरचे असतात.

तिला रेकी हवी होती. बरीच वादावादी होऊन अखेर तह झाला. एका कल्याणमंडपात, म्हणजे लग्नाच्या कार्यालयात, रेकीची ओळख करून देणारे व्याख्यान होते. मी तिच्याबरोबर जायचे, ऐकायचे आणि पटले नाही तर चारचौघांत उभे राहून तसे सांगायचे. मग ती भिंत चढणार. म्हणजे अक्काचा हात वाचणार की कायमचा जाणार, हे आता माझ्या वक्तृत्वावर होते. आणि मी मूर्खासारखा खूश होतो!

व्याख्याते मद्रासहून आलेले रेकी मास्टर होते. पूर्वी ते पाण्याचे पंप विकत. आता विश्वशक्तीचा उपसा करीत. 'रे' म्हणजे विश्व, 'की' म्हणजे प्राण, असे सांगून ते उगमाकडे वळले. जपानात म्हणे एक साधक होता. त्याने डोंगरावर बसून कडक उपवास केला. एके पहाटे आकाशातून तेज आले आणि त्याच्या कपाळावर आदळले. उतरताना अंगठा ठेचला. हात ठेवताच रक्त थांबले. पायथ्याच्या खानावळीत एका मुलीचा दात ठणकत होता. गालाला हात लावताच ठणका गेला. पुढे ही विद्या हवाई बेटांवरून अमेरिकेत गेली आणि तिथून, ओघानेच, आमच्या कल्याणमंडपात. शेवटी मास्टरांनी सर्वांकडून म्हणवून घेतले, 'आजच्या दिवशी मी रागावणार नाही.' मी ओठ हलवले नाहीत. मला रागाची गरज पडणार होती.

मी उठलो आणि स्वच्छ तमिळमध्ये बोललो. हा इतिहास नव्हे, हा एक साचा आहे, मी म्हणालो. डोंगर, उपवास, तेज, उतरतानाचा पहिला चमत्कार. जगभर सापडतो. दूर कशाला जा? तिरुवैयारूपासून पापनाशमपर्यंत कावेरीकाठच्या कितीतरी देवळांच्या स्थलपुराणांत हीच कथा आहे. मी स्वतः ती टेपवर घेतली आहे.

मी विजयी मुद्रेने खाली बसलो. मला वाटले, कोसळले थोतांड.

मग पहिल्या रांगेतल्या एका आजोबांनी हात जोडले. मागे कोणी तरी डोळे पुसले. आणि मास्टर व्यासपीठावरून उतरले, आमच्याकडे सन्माननीय पाहुण्याला घालतात ती जरीची शाल त्यांनी माझ्या खांद्यांवर पांघरली.

कसे झाले हे? अहो, आमच्या मुलखात एखादे तीर्थ थोर का ठरते? ते काशीसारखे आहे म्हणून. आमच्याकडे सारखेपणा हाच पुरावा! यावर मी एका परिषदेत निबंध वाचलेला होता. आणि तोच मी, भर सभेत, जपानी डोंगराला कावेरीकाठचे गोत्र बहाल करून बसलो होतो.

ऑटोत अक्का गहिवरली होती.

"किती छान सांगटलास रे माधू. मी उगीच भीत होते, परक्यांचं काय ते म्हणून."

तिने त्याच आठवड्यात वर्ग लावला.

बरे, इथे थांबलो असतो तरी लाज राहिली असती. पण मास्टर पापनाशमला व्याख्यान देणार आणि माझा हवाला देणार, असे कानावर आले. मी बस पकडून खुलासा करायला गेलो. विद्वानांना एक खोड असते: खोडून काढण्याआधी समोरच्याचे जेवढे खरे तेवढे मान्य करायचे. मी सुरुवात केली, "आपल्याच समुद्रकिनाऱ्यावरून बौद्ध भिक्षू पूर्वेकडे, पार जपानच्या दिशेने गेले, हे खरे आहे. परंतु..."

'परंतु' कोणीही ऐकले नाही. टाळ्या थांबेपर्यंत दुसरी शाल आली होती.

इकडे अक्का रोज दुखऱ्या खांद्यावर डावा हात ठेवून डोळे मिटून बसे. खांदा आखडतच गेला. पुढे पुढे घास तोंडाशी नेताना मानच खाली आणावी लागे. ताट अर्धे राहू लागले.

ते पाहून मी असे काही केले, जे माझ्या व्यवसायातल्या माणसाने कधीच करू नये. मी लोककथा रचली.

म्हणालो, अक्का, मास्टरांनी एक भाग गाळला. तो साधक डोंगर चढला कसा? थंडीने त्याचा हात आखडला होता. तरी त्याच हाताच्या बोटांनी तो रोज थोडा थोडा कडा चढला. वर पोचला तेव्हाच तेज उतरले. आधी चढण, मग शक्ती.

"हे तुला कोण सांगटला?"

"परंपरा," मी म्हणालो. असे मोघम उत्तर देणाऱ्या विद्यार्थ्यांना मी आजवर वर्गाबाहेर काढत आलो होतो.

दुसऱ्या सकाळी अक्काने भिंतीवर कोलमच्या, म्हणजे रांगोळीच्या, पिठाने डोंगर काढला आणि बोटांनी चढू लागली. वर्गातल्या बायकांनाही तिने ही कथा ऐकवली. डॉक्टरांची भिंत ती चढली नव्हती. जपानी डोंगर मात्र एकही सकाळ न चुकवता चढली. हळूहळू हात कानापाशी आला, मग वेणीपर्यंत पोचला. एके दिवशी तिने सर्वांत वरच्या फळीवरचा चकलीसारख्या मुरुक्कूचा डबा उजव्या हाताने खाली काढला आणि माझ्यापुढे ठेवला.

आता मात्र मला राहवेना. शास्त्राचा मान राखायला नको? मी तिला सगळे सांगून टाकले: व्यायाम डॉक्टरांचा, कथा माझी, जपानात असे काही घडलेलेच नाही.

अक्काने मुरुक्कूचा डबा परत आपल्याकडे ओढला.

"ती गोष्ट तू केलास?"

"मीच."

"काल क्लासात मास्टर स्वतः तीच गोष्ट सांगटले. तो कडा, ती बोटं, सगळं. त्यांच्या गुरूंकडून आलेली म्हणून." तिने तो बरा झालेला हात पार डोक्याच्या वर नेला आणि माझ्यापुढे बोट नाचवले. "त्यांच्याकडनं कुठं तरी ऐकलास, आणि आता आपली म्हणतोस? एवढा शिकलेला माणूस तू, माधू. दुसऱ्याची गोष्ट अशी चोरू नये रे."