कल्हई गेलेलं पातेलं

दुष्काळाच्या दुसऱ्या उन्हाळ्यात मी कॉलेजातून घरी आले तेव्हा माझ्या पिशवीत एक गुंडाळलेला कागद होता. जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर मी आवर्तसारणी उतरवून घेतली होती. वर्गात ती भिंतीवर टांगलेली असे. तिच्यासमोर उभं राहिलं की सगळं जग शंभरेक चौकोनांत बसलंय असं वाटायचं, आणि ते मला वाचता येतं याचा अभिमानही वाटायचा.

घरात मॅट्रिकच्या पुढं गेलेली मी पहिलीच. ते आत्यामुळं. वडिलांची ही थोरली बहीण लग्नानंतर दोन वर्षांत विधवा होऊन आमच्याकडं आली, ती कायमचीच. वडील मला शाळेतून काढायला निघाले तेव्हा तिनं दोन दिवस चूल पेटू दिली नव्हती.

कागद तिनंच भिंतीला चिकटवला. तिला अक्षर येत नव्हतं, पण सोन्याचा चौकोन कुठला ते तिनं लक्षात ठेवलं आणि आल्यागेल्याला दाखवू लागली, की आमच्या घरात सोनं आलंय एकदाचं. मी तिला सांगितलं, कुठलंही मूलद्रव्य फोडत गेलं की शेवटी त्याचा अणू उरतो, आणि सोन्याचा अणू सोन्याचाच राहतो. तिनं विचारलं, मग आपलं पितळ कुठं? पितळ यात नसतं, मी म्हटलं, ते तांबं आणि जस्त मिळून होतं.

"म्हंजी सोयरीक झालेली," आत्या म्हणाली. "सोयरिकीतल्यांना तुझ्या कागदावर जागा न्हाय व्हय?"

वडील बैल घेऊन चारा-छावणीवर होते. आत्या पाझर तलावाच्या कामावर माती वाहायला जायची. सोसायटीच्या दुकानात मिळणाऱ्या लाल मिलोचं, म्हणजे परदेशी ज्वारीचं, पीठ आई रात्री मडक्यात आंबत घालायची आणि सकाळी त्याची आंबील आत्या जर्मनच्या, म्हणजे अॅल्युमिनियमच्या, डब्यातून न्यायची. एके संध्याकाळी ते मडकं तडकलं. पाण्यावाचून कुंभाराचं चाक बंद होतं. घरात एक पितळी पातेलं होतं, पण त्याची कल्हई, आतला कथलाचा मुलामा, गेली होती. दरवर्षी येरमाळ्याच्या जत्रेआधी कल्हईवाला भाता घेऊन यायचा. त्या वर्षी तो आलाच नाही.

आंबट पदार्थ उघड्या पितळेत राहिला की कळकतो, हिरवट-तुरट होतो आणि पोटात गेला की बाधतो, हे आमच्याकडं लहान पोरीलाही ठाऊक असतं. आई तेच म्हणाली. मलाही ते माहीत होतं. पण कॉलेजात गेल्यापासून घरातलं एक आणि पुस्तकातलं दुसरं निघालं, तर पुस्तकातलं खरं, असं मी धरून चालले होते. मी कागदावर बोट ठेवलं. तांबं, चांदी, सोनं एकाच उभ्या रांगेत. तांब्यावर सौम्य आम्लाची क्रिया होत नाही, हे मी परीक्षेत लिहून आले होते.

"सोनं कधी कळकलेलं बघितलंय का?" मी आईला विचारलं.

आत्या म्हणाली, "शिकवलंय कशाला मग तिला? घाल त्यात."

उजाडताना आत्यानं आंबील चाखली आणि तिचं तोंड वाकडं झालं. आई म्हणाली, "वन्सं, टाका ते." आत्यानं माझ्याकडं पाहिलं. पोरगी सांगती ते खोटं नसतं, असं म्हणून तिनं डबा भरला. मी तिथंच बसले होते. वास मलाही आला होता. पण मी तोंड उघडलं नाही.

दुपारी चौघी बाया तिला घेऊन आल्या. ओकाऱ्या थांबत नव्हत्या, नंतर जुलाब लागले. तिसऱ्या दिवशी ती गेली. डॉक्टर म्हणाले, अशा उन्हात अंगातलं पाणी संपलं. ऊन खरंच तसं होतं; कामावर दोघं आधी पडले होते. कोणी विचारलं की आई ऊनच सांगायची. पण पातेलं राखेनं घासताना काठाखाली हिरवी रेघ निघाली, ती आम्ही दोघींनी पाहिली होती.

जूनमध्ये मी कॉलेजात जायला नाही म्हटलं. आईनं भिंतीवरचा कागद काढला, नीट गुंडाळला आणि माझ्या पिशवीत ठेवला. "दोन दिवस उपाशी बसली हुती ती," एवढंच बोलली.

मी गेले. रसायनशास्त्राच्या सरांना विचारलं, तांब्यावर सौम्य आम्लाची क्रिया होत नाही, तर आंबट पदार्थ पितळेत कळकतो कसा. का विचारते, ते सांगितलं नाही. त्यांनीही खोदून विचारलं नाही, याचं ऋण मी आजही मानते. ते म्हणाले, पुस्तकातलं वाक्य खरं आहे, पण अपुरं. रात्रभर हवा लागली की तांबं आम्लात सावकाश उतरतं. एका रांगेतली मूलद्रव्यं नात्यातली असतात, स्वभाव अगदी एक नसतो. आणि पितळेतलं जस्त तर आम्लात लगेच विरघळतं.

जस्ताचे बुडबुडे परीक्षानळीत मी स्वतः पाहिले होते. पितळेत जस्त असतं, हे आत्याला मीच सांगितलं होतं.

पाऊस झाला, त्या दिवाळीला कल्हईवाला आला. पातेलं आतून चांदीसारखं झालं. त्या पातेल्यासमोर बसून मी आईला सगळं सांगितलं, हवा, तांबं, जस्त, सोन्याबद्दलची माझी चूक. तिनं ऐकून घेतलं.

"तुजं पुस्तक खोटं न्हाय," ती म्हणाली. "पातेलं जुनं हुतं. आन ऊन लई हुतं."

मग तिनं पातेलं उचलून फळीवर उपडं घातलं. आंबील तिनं पुन्हा कधी केली नाही, मडक्यातही नाही.