नवेगाव बांधाकडे, एका पेटीच्या तपासणीसाठी

गोंदियाहून सुटणारी बल्लारशाकडची पॅसेंजर कुठे किती थांबेल, हे गाडीलाही ठाऊक नसावे. दिवाळी तोंडावर आलेली असताना नागपूरच्या कचेरीने मला या गाडीत पिटाळले होते, त्यामुळे मी आधीच वैतागलेला होतो. पण गोंदिया मागे पडले आणि दोन्ही बाजूंना बांध्या (बांध घातलेली धानाची शेते) सुरू झाल्या. हलका (लवकर येणारा) धान कापून झाला होता, भारी (उशिरा येणारा) धान अजून उभा होता आणि मधूनमधून बोड्या (लहान तळी) दिसत होत्या. मी साताऱ्याच्या दुष्काळी भागातला. एवढे पाणी नुसते पडून असलेले मी त्याआधी पाहिले नव्हते.

समोरच्या गृहस्थांनी हिंदीत चौकशी सुरू केली, मी मराठीत बोलल्यावर ते झाडीबोलीवर आले. "काऊन जाऊन राहिले जी तिकडं?" संगणकाची पेटी बिघडली आहे म्हटल्यावर त्यांनी दुखवट्याला आल्यासारखी मान हलवली आणि शेंगा पुढे केल्या.

स्टेशनवरून काळीपिवळी जीपने कॉलेज गाठले. गाव नवेगाव बांधाच्या जरा अलीकडे. पेटी म्हणजे स्विच. सगळ्या संगणकांच्या वायरी त्यात येऊन मिळतात. दसऱ्यापासून तो सकाळी चालू व्हायचा आणि तापून आपोआप बंद पडायचा. शिष्यवृत्तीचे अर्ज अडकले होते.

प्राचार्यांनी चहा दिला आणि दोषीही दाखवला. संगणक कक्ष सांभाळणाऱ्या सुजाताबाई दर दसऱ्याला दीक्षाभूमीवर नागपूरला जातात. यंदाही गेल्या, मशीन चालू ठेवून गेल्या, आणि ते जळले. त्यांचा करार दिवाळीपर्यंतचा होता, पुढचे माझ्या कागदावर ठरणार होते. "जळलं असन त तसं लिहून द्या," प्राचार्य म्हणाले, "मंग बाईचं पाहू." खिशातून कक्षाची चाबी काढून त्यांनी स्वतः कुलूप उघडले. दसऱ्यापासून चाबी त्यांच्याकडेच होती. बाईंना आपलीच खोली रोज मागून उघडून घ्यावी लागत होती.

पन्नाशीला टेकलेल्या सुजाताबाई दाराशी उभ्या होत्या. आत प्रत्येक पडद्यावर झेंडूची वाळलेली माळ आणि कुंकवाची बोटे होती. "ते बंद कराचं नसते, असंच मले सांगितलं होतं जी," त्या म्हणाल्या. सांगणाऱ्याने बरोबर सांगितले होते, स्विच रात्रंदिवस चालूच ठेवायचा असतो. पण प्राचार्यांना माझे मत नको होते, कागद हवा होता.

मी ऑफलाइन तपासणी करायचे ठरवले. यात स्विचच्या साऱ्या वायरी काढून त्याला कामावरून सुट्टी द्यायची, एक वायर लॅपटॉपला जोडायची आणि त्याला आपलेच अवयव तपासायला लावायचे. बराच वेळ लागतो आणि माणसाला काही काम नसते. तो मध्येच तापू नये म्हणून सुजाताबाईंनी टेबलफॅन आणून समोर ठेवला. तपासणी निम्म्यावर आली आणि वीज गेली. भारनियमनाचे वेळापत्रक भिंतीवरच होते, मी ते वाचले नव्हते. इन्व्हर्टर जोडून पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली.

तोवर जेवून या, बांध पाहून या, असा आग्रह झाला. सुजाताबाईंना चला म्हटले, त्या हलल्या नाहीत. "मांगच्या खेपेले मी इथं नव्हती, त हे झालं. आता उठत नाही."

नवेगावचा तलाव पाहून मी सारा वैताग विसरलो. पलीकडचा किनारा जंगलात जाऊन मिळतो, मध्ये एकच डोंगा (लहान होडी) होता, आणि त्यातला माणूस जाळे टाकून निवांत बसला होता. खानावळीत झिंग्यांची भाजी आणि भात मिळाला. त्यावर सांबार (कोथिंबीर) इतका होता की झिंगे शोधावे लागले. चव मात्र अजून आठवते. जेवताना त्या बाईंचा विचार डोक्यातून जाईना, हेही सांगून टाकतो.

परत आलो तेव्हा तपासणी संपत आली होती. स्मृती ठीक, वायरी जोडायचे सगळे पोर्ट ठीक, वीजपुरवठा ठीक. जळलेले काहीच नव्हते. नापास झाला होता फक्त आतला पंखा. मी प्राचार्यांना बोलावले आणि त्यांच्यासमोर झाकण उघडले. पंख्याच्या पात्यांत तांदूळ अडकले होते, कुंकवात माखलेले, सुकून घट्ट बसलेले. अक्षता होत्या. वरच्या जाळीतून आत पडल्या होत्या.

प्राचार्यांनी माळांकडे पाहिले. दसऱ्याला यंत्रांची पूजा करायची म्हणून बाईंकडून चाबी मागून घेतली होती, हे त्यांनी हळूच सांगितले. अक्षता साऱ्या स्टाफने टाकल्या, पहिल्या त्यांनी. त्या वेळी फक्त सुजाताबाई तिथे नव्हत्या. कागदावर 'बाह्य वस्तू' लिहिता येईल का, असे त्यांनी विचारून पाहिले. मी 'तांदूळ' लिहिले.

चिमट्याने दाणे काढले, पंखा फिरला, वायरी जोडल्या, अर्ज जाऊ लागले. मग प्राचार्यांनी खिशातून चाबी काढून बाईंच्या हातावर ठेवली. "पुढच्या दसऱ्याले चाबी सोबतच घेऊन जाजो," ते म्हणाले.

परतीच्या गाडीत मी खिडकीशी बसलो. यंत्र सुधारले की मला विशेष काही वाटत नाही, पगार त्याचाच मिळतो. त्या दिवशी मात्र फार बरे वाटले. सहकाऱ्यांनी बिघाड काय होता ते विचारले, तेव्हा मी 'पंखा' म्हणून मोकळा झालो. बाकीचे तिथे सांगण्याजोगे नव्हते.

पुढच्या दसऱ्याला नागपुरात दीक्षाभूमीकडे निघालेल्या पांढऱ्या कपड्यांतल्या माणसांनी रस्ते भरले होते. दुपारी फोन वाजला. मागे एवढा गलका होता की मला आवाज ओळखायला वेळ लागला.

"साहेब, सुजाता बोलून राहिली. तिकडं कॉलेजात समदं चालू आहे," त्या म्हणाल्या. "चाबी माझ्या पर्समधी आहे जी."