शिर्के काकांचा ट्रिगर

शिर्के काकांनी चौथ्यांदा "अगं" म्हटलं आणि टेबलावरचा बॉक्स चौथ्यांदा गप्प राहिला. आतून काकू आल्या. त्यांनी पंखा दोनवर केला आणि परत गेल्या.

मी म्हणालो, "काका, नुसतं अगं नाही. आधी बॉक्सचं नाव घ्यायचं, मग पूर्ण सांगायचं. पंखा कमी कर, असं."

"सांगितलं की," काका पेपरमागून म्हणाले. "झाला ना कमी?"

आवाजावर चालणारे असिस्टंट घरोघरी बसवणं हे माझं काम. बॉक्स ठेवायला पाच मिनिटं लागतात. खरं काम कॉन्फिगरेशनचं, म्हणजे ट्रिगर आणि ॲक्शन जोडण्याचं. दाराची बेल वाजते आणि आपण उठतो. बेल हा ट्रिगर, उठणं ही ॲक्शन. बॉक्सला असं प्रत्येक निमित्त आणि त्यावर काय करायचं ते शिकवावं लागतं.

गुजराती शहरातल्या, अकोटा भागातल्या या मराठी घरात घाई होती. काकूंच्या गुडघ्यांचं ऑपरेशन ठरलं होतं. हॉस्पिटल आणि मग बहिणीकडे विश्रांती, असे तीन आठवडे त्या घरी नसणार होत्या. काकांचा उजवा पाय अर्धांगवायूनं निकामी झालेला, वाचा मात्र खणखणीत. पोळ्यावाल्या बाई दोन वेळा येणार होत्या. बाकी दिवे, पंखे, गीझर, दाराचं लॉक आणि फोन हे सगळं बॉक्सनं सांभाळायचं. काकूंनी तारीख एकदा पुढे ढकलली होती. "हे जमलं नाही, तर मी जात नाही," त्यांनी पहिल्याच दिवशी सांगितलं.

दुसऱ्या व्हिजिटला मी वही घेऊन काकूंसमोर बसलो. काकांच्या "अगं"चे अर्थ विचारले. मेथी निवडता निवडता त्या सांगत गेल्या.

"सकाळी सातचं म्हणजे गीझर लाव. पेपर खाली ठेवून म्हणाले, तर चष्मा सापडत नाहीये. दुपारचं जरा लांबवतात, ते पंख्याचं. फोन वाजल्यावरचं म्हणजे तूच घे."

अकरा अर्थ निघाले. आमच्या भाषेत याला कंडिशन म्हणतात. ट्रिगर एकच, पण वेळ आणि परिस्थिती पाहून ॲक्शन बदलते. बॉक्सला अकरा कंडिशन शिकवायला मला दोन दिवस लागले असते. काकूंना त्या पाठ होत्या.

लिहिताना मला हेवा वाटत होता. कोता, साधा हेवा. माझी पत्नी वीणा जाऊन तेव्हा चौदा महिने झाले होते. माझीही अशी अकरा असतील. मी कधी मोजली नव्हती, आणि आता ती ओळखणारं कोणी नव्हतं. समोरचा माणूस मात्र पेपरमधून डोकं न काढता हे सगळं फुकट वापरत होता.

मी म्हणालो, "मग 'अगं' हाच ट्रिगर ठेवू. बॉक्स त्यावरच जागा होईल." तांत्रिकदृष्ट्या ते शक्य होतं. त्यात थोडा दुष्टपणाही होता, आणि तो मला तेव्हाही कळत होता.

काकूंचा हात मेथीवर थांबला. "ती हाक माझी आहे."

"तीनच आठवडे, काकू."

"मग तीन आठवड्यांनी ते अगं म्हणाले, की आम्ही दोघींनी उठायचं का?"

"ऑपरेशनचं काय?"

"राहू दे ऑपरेशन. चालते आहे ना मी," म्हणत त्या भिंत धरत स्वयंपाकघरात गेल्या.

संध्याकाळी आमच्या मॅनेजरचा, हार्दिकभाईंचा फोन आला. "एक पंख्यासाठी किती व्हिजिट, सर? कस्टमर मराठी, तुम्ही मराठी, बॉक्स मराठीत सेट. प्रॉब्लेम शुं छे?"

मी तिसरी व्हिजिट लिहून घेतली.

तिसऱ्या व्हिजिटला लॉक बसवायला आमचे फिटर रमेशभाई बरोबर आले. त्यांनी दाराशेजारच्या स्विचबोर्डालगत ड्रिल टेकवलं. काकांनी पेपर आपटला.

"अल्या, सांभळ! पहेलां मेन स्विच बंध कर, पछी काणुं पाड!"

रमेशभाई जागेवर थिजले. मीही. नाव नसलं तरी 'अरे, ऐक' अशी हाक होती, काम होतं, आधी मेन स्विच बंद आणि मग भोक असा कामांचा क्रमही होता. मी आठवडाभर जे मागत होतो ते सगळं त्या एका वाक्यात होतं.

काकू दारात हसत उभ्या होत्या. "सावली गावातल्या प्लांटमध्ये शिफ्ट इन्चार्ज होते. तीस वर्षं असेच ओरडले. काम गुजरातीत सांगायचं. मराठीत त्यांना कधी सांगावंच लागलं नाही."

मी बॉक्स गुजरातीवर टाकला. आवाज पुरुषाचा निवडला. त्याला जागं करण्याचे शब्द "अल्या सांभळ" हे ठेवले. काकांनी एकदा माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "अल्या सांभळ, पंखो धीमो कर."

"पंखो धीमो कर्यो, साहेब," बॉक्स म्हणाला.

"हं," काका म्हणाले. "माणूस कामाचा आहे."

काकूंचं ऑपरेशन ठरल्या दिवशी झालं. तीन आठवडे एकही तक्रार आली नाही. त्या घरी परतल्या आणि चौथ्या दिवशी त्यांचा फोन आला. बॉक्स काढून न्या, म्हणाल्या.

मी गेलो. काकू नव्या गुडघ्यांवर दारापर्यंत आल्या.

"दिवसभर त्याच्याशी बोलतात. पूर्ण वाक्यं! काल त्याला 'सरस' म्हणाले. बेचाळीस वर्षांत मला एकदा तरी म्हणाले का, विचारा."

"राहू दे त्याला," आतून काका म्हणाले. "तुझे गुडघे वाचतात."

"नवेच आहेत माझे!"

त्यांच्या आवाजातला हेव्याचा सूर मी लगेच ओळखला. वर्षभर तोच ऐकत होतो, माझ्याच आत. खरं सांगतो, मला बरं वाटलं. जिना उतरेपर्यंत ते ओसरलं. काकूंना निदान ज्याचा राग होता, तो माणूस पलीकडच्या खोलीत होता.

बॉक्स तिथेच राहिला. आमच्या फॉर्मवर "ग्राहक समाधानी" असा एक चौकोन असतो. त्या घरात ग्राहक दोन होते. मी निम्मी खूण केली. हार्दिकभाईंनी ती पूर्ण करून घेतली.

तेव्हापासून नव्या घरी मी मातृभाषा विचारत नाही. आजवर हाताखालच्या माणसांना काम कोणत्या भाषेत सांगितलंत, ते विचारतो. व्हिजिट एकच लागते.