टॉम नालबंद

टॉमने मला पहिल्यांदा पाहिलं तेव्हा माझ्या तोंडाकडे बघितलंच नाही. दुबईच्या कडेला, जिथे वस्ती संपून वाळू सुरू होत होती, तिथल्या एका खाजगी तबेल्यात मी स्टोअरकीपर म्हणून रुजू झालो होतो. नव्वदच्या दशकाचा तो मध्य. पहिल्याच सकाळी फाइल काखेत मारून मी आवार ओलांडत होतो. तेवढ्यात चामड्याचा एप्रन बांधलेला, लाल मानेचा एक दांडगा गोरा माणूस घोड्याचा पाय मांडीवरून खाली सोडून उभा राहिला आणि माझे बूट बघू लागला.

"पुन्हा चाल," तो म्हणाला.

कुणीतरी मोठा साहेब असणार, असं समजून मी पुन्हा चाललो.

"उजवी टाच आतून झिजवतोस तू. कंबर दुखते ना?"

दुखत होती. चिपळूणला असल्यापासून दुखत होती. दोन दिवसांनी त्याने चामड्याची एक पातळ पट्टी कापून माझ्या बुटात बसवून दिली. "पाय नाही तर घोडा नाही," तो म्हणाला. "स्टोअरकीपरही नाही."

मी 'थँक यू सर' म्हटल्यावर मात्र तो चिडला. सर म्हणजे मालक, आपण नालबंद. माझं आडनाव कदम, ते त्याच्या जिभेवर बसेना, म्हणून तो मला नुसतं 'के' म्हणायचा.

टॉम आयर्लंडच्या पश्चिमेकडचा. तेव्हा पन्नाशीला आलेला, लग्न न केलेला. त्याचं इंग्रजी मला पहिले तीन महिने कळलं नाही, त्यापेक्षा त्याचं हिंदी बरं होतं. ते तो घोड्यांची निगा राखणाऱ्या आमच्या मोतद्दारांकडून शिकला होता आणि मुख्यतः घोड्यांशी बोलायला वापरायचा. "आराम से, बेटा, आराम से," म्हणत तो खुरावरून कानस फिरवू लागला की चावरे घोडेसुद्धा मान खाली घालून उभे राहत. एकदा शर्यतीच्या आदल्या दिवशी त्याने एका घोडीचा खूर हाताने चाचपला आणि नाल मारायला नकार दिला. आत गरम लागतंय, म्हणाला. मॅनेजर धावत आला. घोडी तर ठणठणीत चालत होती. "पळवायचीच असेल तर नाल तुम्ही ठोका," असं म्हणून टॉमने हातोडा त्याच्यापुढे धरला. घोडी शर्यतीला गेली नाही. तिसऱ्या दिवशी त्या खुरातून पू निघाला. मी त्याचं कौतुक करायला गेलो, तर म्हणाला, "यात काय? चूक झाली तर मालकाला कळत नाही, के. पण घोड्याला कळतं. आणि मला कळतं."

शुक्रवारी तबेल्याचं ऑफिस बंद असे. पण खुराकाच्या नोंदी करायला मी अर्धा दिवस जात असे. बरोबर एक वाजता टॉम हात धुऊन, केस विंचरून आत यायचा. मालकाच्या परवानगीने त्याला तिथून घरी फोन करता येत असे. तो आईला 'मॅमी' म्हणायचा. मला ते मामी ऐकू यायचं, त्यामुळे कित्येक महिने मी समजत होतो की हा माणूस दर शुक्रवारी न चुकता मामीला फोन करतो. गाय व्याली का, चर्चमध्ये कोण आलं होतं, कोण गेलं, असल्या गोष्टी चालायच्या. एरवी घुम्या असलेला टॉम त्या दहा मिनिटांत लहान पोरासारखा खिदळायचा.

एक गोष्ट मात्र मला चमत्कारिक वाटे. फोन लागल्यावर तो 'हॅलो' म्हणत नसे. रिसीव्हर कानाला लावून काही वेळ गप्प उभा राही आणि मगच बोलू लागे. एकदा न राहवून मी विचारलं.

"फोन माझा भाऊ उचलतो. जॉन," तो म्हणाला. "तो बोलत नाही, मीही बोलत नाही. मला त्याचा श्वास ऐकू येतो, मग पावलं, मग मॅमी."

वडील वारले तेव्हा शेत त्यांनी धाकट्या जॉनच्या नावावर केलेलं निघालं. त्याच दिवशी, घरात माणसं जमलेली असताना, दोघं भाऊ नको ते बोलले. टॉम घराबाहेर पडला, आधी इंग्लंडला आणि मग इकडे. त्याला अकरा वर्षं झाली होती. मी म्हटलं, आमच्या कोकणात याला भाऊबंदकी म्हणतात. चार गुंठ्यांवरून घरोघरी चालते. त्याने तो शब्द माझ्याकडून दोन-तीनदा म्हणवून घेतला. "तुमच्याकडे याला शब्द आहे?" तो म्हणाला. "आमच्याकडे नुसती जमीन आहे. तीही निम्मी दगड."

घरी कधी जाणार, असं कुणी विचारलं की त्याचं उत्तर ठरलेलं होतं, "सीझन संपला की. इन्शाल्ला." सीझन दर वर्षी संपायचा.

माझी आई व्हिजिट व्हिसावर आली होती, तेव्हाची गोष्ट. गणपतीत मी टॉमला बर दुबईच्या आमच्या फ्लॅटवर जेवायला बोलावलं. तो मांडी घालून बसला, मोदक हाताने खाल्ले, तूप कोपरापर्यंत ओघळलं. आई त्याच्याशी खुशाल मराठीत बोलत होती.

"आई आहे का रे बाळा तुला?"

माझी मुलगी तेव्हा सात वर्षांची. ती इंग्रजीत सांगत गेली. आहे, म्हणाला. किती वर्षांची? ऐंशी पूर्ण. कधी भेटलास? टॉमने सांगितलं. आईचा हात वाढता वाढता थांबला.

"फोनवर आवाज पोचतो रे. माणूस कुठे पोचतो?" ती म्हणाली. "जाऊन ये."

मुलीने यातलं एवढंच सांगितलं, "आजी सेज, गो." टॉम हसला नाही. दुसऱ्या दिवशी त्याने रजेचा अर्ज माझ्याकडून टाइप करून घेतला, तीन आठवड्यांचा.

तो नवव्या दिवशी परत आला. सामान खोलीत न टाकता थेट ऑफिसात आला आणि माझ्यासमोर बसला.

"तिने दार उघडलं, के. मला म्हणाली, या, चहा घेणार का? मी आत बसलो. मग सांगायला लागली, माझा थोरला मुलगा दुबईत असतो. घोड्यांचं काम करतो. फार गुणी आहे, दर शुक्रवारी फोन करतो."

आईला विसर पडू लागला होता. फोनवर ते कधी लक्षात आलं नव्हतं. "मी म्हटलं, मॅमी, मीच टॉम. ती घाबरली. उठून जॉनच्या मागे जाऊन उभी राहिली. म्हणून पुन्हा बोललो नाही. आठवडाभर तिच्या घरात पाहुणा म्हणून राहिलो. जॉन आणि मी गरजेपुरतं बोलायचो. मीठ दे. दार लाव."

मग शुक्रवार आला. म्हातारी सकाळपासून ठेवणीतलं जाकीट घालून फोनशेजारी बसली. खाईना, उठेना. टॉमला उलगडा झाला तसा तो कुणालाही न सांगता बाहेर पडला. गावातल्या फोन बूथपर्यंत मैलभर चालत गेला. पाऊस होता. त्याने आपल्याच घरचा नंबर फिरवला.

"जॉनने उचलला. तसाच श्वास. तशीच पावलं. मग ती म्हणाली, टॉम! मला माहीतच होतं तू विसरणार नाहीस. फार ऊन आहे का रे तिकडे?"

टॉम माझ्या टेबलाची कड धरून बसला होता.

"मी म्हटलं, हो मॅमी. फार ऊन आहे."

मग तो म्हणाला, "तिचा मुलगा इथे राहतो. तिकडे जो गेला होता, तो कुणीतरी भलताच. म्हणून आलो परत."

यानंतर आणखी चार वर्षं तो दर शुक्रवारी येत राहिला. सीझन संपला की जाणार, हे वाक्य त्याने सोडलं. आईची वाक्यं तुटत गेली, शेवटी नुसता हुंकार उरला. तरी टॉम दहा मिनिटं बोलायचा. कुठल्या घोड्याने काय केलं, वारा कुठून आहे, आज काय जेवला. एका शुक्रवारी तो नेहमीसारखा गप्प उभा होता आणि पावलं वाजायच्या जागी भावाचा आवाज आला असावा. टॉमने "बरं," एवढंच म्हटलं आणि रिसीव्हर ठेवला.

"गेली," तो मला म्हणाला. "काल."

मी तिकिटाची चौकशी करतो म्हटलं. मातीला पोचता आलं असतं. तो नको म्हणाला. "कोणाला भेटायला जाऊ?"

त्याच वर्षी उन्हाळ्यात, सकाळी काम सुरू असताना, टॉम ऐरणीजवळ खाली बसला. मोतद्दारांनी उचलून गाडीत घातला. हॉस्पिटलात पोचण्याआधीच खलास झाला होता. हृदय, असं डॉक्टर म्हणाले. त्याच्या कागदांत घरच्या माणसाच्या रकान्यात जॉनचं नाव होतं. ते त्याने कधी लिहिलं होतं, कोण जाणे. फोन मीच केला.

जॉन तीन दिवसांनी आला. टॉमपेक्षा बुटका, उन्हात जाड लोकरी कोट घातलेला, आयुष्यात पहिल्यांदाच विमानात बसलेला. कागदपत्रं होईपर्यंत तो माझ्यामागून निमूट फिरला. शेवटच्या दिवशी, शवपेटी विमानतळावर सोपवून झाल्यावर, आम्ही प्लॅस्टिकच्या कपांत चहा घेऊन बसलो. तेव्हा त्याने विचारलं, "तो माझ्याबद्दल काय म्हणायचा?"

घरी गेला होता त्या नऊ दिवसांतली एक गोष्ट टॉमने मला पुष्कळ उशिरा, आई गेल्यावर, सांगितली होती. तीच मी जॉनला सांगितली. एका सकाळी टॉम स्वयंपाकघराच्या दारात आला, तेव्हा जॉन आईला न्हाऊ घालत होता. ती खुर्चीत मागे रेललेली, तिच्या डोळ्यांवर याचा एक हात आडवा, साबण जाऊ नये म्हणून, आणि दुसऱ्या हाताने तो हळूहळू पाणी सोडत होता. तिला काहीबाही गाऊन दाखवत होता. टॉम आवाज न करता मागे फिरला. "वडिलांनी शेत बरोबर माणसाला दिलं," तो मला म्हणाला होता. "मी घोड्यांचे पाय नीट ठेवले, पण हे मला जमलं नसतं."

जॉनने कप खाली ठेवला. त्याच्या हातांना काय करावं ते सुचत नव्हतं. शेवटी त्याने ते गुडघ्यांवर ठेवले.

"हे तो मला सांगू शकला असता," तो म्हणाला. जरा वेळाने म्हणाला, "मी विचारू शकलो असतो."

विमानाला अजून दीड तास होता. तो माझ्याकडे वळला. टॉम इथे काय जेवायचा, स्वतः रांधायचा का, आजारी पडला तर कोण बघायचं, दाढी कोणत्या दिवशी करायचा, असं एकेक विचारू लागला. मला आठवेल तसं मी सांगत गेलो. काही गोष्टी मलाही माहीत नव्हत्या, तेव्हा तसं सांगितलं. त्याने सगळं ऐकून घेतलं, अगदी मान पुढे काढून, आणि मी थांबलो की लगेच म्हणायचा, "आणखी?"