मागचे डावे चाक

आदरणीय श्री. खंडेराव शिंगाडे सरांना मी प्रथम पाहिले, तेव्हा ते क्रांती चौकातील एका स्पेअर पार्टच्या दुकानावरच्या खोलीत, खिडकीशी डोळे मिटून उभे होते. समोर बाकांवर शिकवणीला आलेले वीसेक उमेदवार, तेही कान टवकारून. खालून पैठणची एसटी धापा टाकत गेली.

"सांगा, काय दुखतंय तिला?" सरांनी विचारले.

कोणी क्लच म्हणाले, कोणी सायलेन्सर. मी दारातूनच प्रमाणपत्रांची फाइल पुढे केली. अभियांत्रिकीची पदवी आणि वर सुवर्णपदक असूनही शासकीय वाहन विभागातील पदासाठी 'वाहन देखभाल' आणि 'ताफा व्यवस्थापन' या दोन विषयांची परीक्षा मला द्यावी लागणार होती, याचा राग मनात होताच. सरांनी फाइल उघडली नाही.

"पोरी, गाडीला सर्टिफिकेट दाखवून बघ, उठती का."

वर्ग खदखदून हसला. त्या सकाळपासून मी तिथे 'पदक' झाले. "ए पदक, तेवढा पाना दे की!" माझी मते झटकन बनतात. हे गृहस्थ अल्पशिक्षित असून आपल्याला यांच्याकडून काही मिळणार नाही, असे मी त्याच दिवशी ठरवले. ते मत बदलायला मला तीन आठवडे लागले. माझ्या बाबतीत हा फारच थोडा काळ आहे.

सर सोयगावकडच्या मेंढपाळ कुटुंबातले. शासकीय कार्यशाळेत मदतनीस म्हणून लागले आणि फोरमन होऊन निवृत्त झाल्यावर त्यांनी हा परीक्षेचा वर्ग काढला. 'ताफा व्यवस्थापन' या विषयाने भले भले पदवीधर गारठत असत. सर तो विषय मेंढरांवरून शिकवत. "लंगडी मेंढी कळपाच्या मागं सोडली की गेली ती. तिला पुढं, डोळ्याम्होरं ठिवायची. तसंच आजारी गाडी कोपऱ्यात उभी करायची नाय. रोज यायच्या-जायच्या वाटंवर उभी करायची, म्हंजी तिची लाज वाटती." पुढे अधिकारी झाल्यावर मी नादुरुस्त वाहने कार्यालयाच्या फाटकासमोरच उभी करायला लावली. वरिष्ठांनी नाके मुरडली. वाहने मात्र लवकर दुरुस्त होऊ लागली.

त्यांच्या मायेचा एक प्रसंग सांगते. प्रात्यक्षिकासाठी मला कार्यशाळेतील खड्ड्यात, वाहनाखाली उतरायचे होते. बाईमाणूस खाली कशाला, म्हणून तिथल्या लोकांनी अडवले. सर स्वतः स्कूटरवरून मला घेऊन गेले. "माझी पोरगी हाय. उतरू द्या तिला. आन् वरून टॉर्च कोण धरतंय? मीच धरतो." त्यांनी दोन तास टॉर्च धरला. परतताना घरी नेले. काकूंनी माझ्या तोंडावरचे ग्रीस पदराने पुसले आणि चहा दिला. त्यानंतर दर रविवारचा चहा माझा त्यांच्याच घरी, असा शिरस्ता पडला. या शहरात माझे रक्ताचे कोणी नव्हते. तो चहा म्हणजेच माझे घर होते.

आता जे लिहायचे आहे, ते मी आजवर कोणालाही सांगितलेले नाही.

त्याच परीक्षेची प्रश्नपत्रिका दरवर्षी काढण्यासाठी पुढे माझी नेमणूक झाली. नेमणूक गोपनीय होती. मी पेढे घेतले आणि वर्ग सुटताच थेट सरांकडे गेले. माझा अभिमान तेवढाही दम धरू शकला नाही. सरांनी ऐकून घेतले. पेढ्याला हात लावला नाही.

"हे मला सांगायचं नव्हतं, मॅडम," ते म्हणाले.

मॅडम! आजवर मी 'पोरी' होते.

"तुम्ही पेपर काढणार, मी पोरांना शिकवणार. जवर तुम्ही त्या कामावर हायेत, तवर हितं यायचं नाय. फोन बी नाय."

मी उठले. या माणसाला शिष्येची बढती सोसवत नाही, असा निकाल मी जिना उतरतानाच देऊन टाकला.

पुढच्या वर्षी प्रश्न होता : ब्रेकच्या नळ्यांतील हवा काढताना कोणत्या चाकापासून सुरुवात करावी? नियम असा की, चालकाच्या पायाशी असलेल्या मुख्य सिलिंडरपासून जे चाक सर्वांत दूर, तिथून. मी उत्तरसूचीत 'मागचे उजवे' असे दिले. माझ्या आवडत्या परदेशी ग्रंथात तसेच होते. उमेदवारांच्या वतीने एक लेखी हरकत आली. अक्षर मी ओळखले. मजकूर एका ओळीचा : "आपल्याकडे चालक उजवीकडे बसतो, म्हणून मागचे डावे."

खड्ड्यात उतरून त्याच चाकापासून ते काम मी स्वतः केले होते. वरून टॉर्च सरांनी धरला होता. उत्तरसूची दुरुस्त झाली, त्यांच्या विद्यार्थ्यांचे गुण वाचले. एक फोन केला असता तर माझी शोभा झाली नसती, म्हणून मी आणखी चिडले. तो फोन त्यांनी का केला नाही, हे कळायला मात्र मला वर्षे लागली. माझ्या तोंडून सुटलेले गुपित ते एकटे राखत होते.

गावात बोभाटा झाला की गुरू-शिष्येचे वाजले. दोष सरांच्याच माथी आला. एकदा गुलमंडीवर काकू भेटल्या. "काय गं, ह्यांचं आन् तुझं काय बिनसलं? इचारलं तर म्हणतेत, तिला कामं लई असतेत." मी हो म्हणाले. दुसरे काय म्हणणार? तेच खरे मानून काकू पुढे वारल्या. त्यांच्या दहाव्याला मी गेले, तेव्हा सर ओट्यावर आले, हात जोडले आणि हळूच म्हणाले, "परीक्षा जवळ आलीय, मॅडम. लोकं बघतेत." मी परतले. रविवारी माझ्या घरी एकच कप विसळला जाई. त्यांच्याही घरी आता एकच.

गेल्या महिन्यात मी त्या कामातून मुक्त झाले. कार्यमुक्तीचे पत्र घेऊन रविवारी सकाळी सरांच्या दारी उभी राहिले. त्यांनी चष्मा लावला, पत्र वाचले, तारीख पाहिली, मागची कोरी बाजूही पाहिली. मग आत गेले. स्टोव्हचा आवाज आला. दोन कप घेऊन ते बाहेर आले.

चहात साखर नव्हती. जन्मभर मी इतरांच्या चुका दाखवत आले आहे. तो चहा मी निमूट संपवला. मग सरांनी स्वतःच्या कपाचा घोट घेतला आणि थांबले.

"साखर नाय की ह्यात," ते म्हणाले. "हे सांगायचं व्हतं ना, पोरी."

पंचाहत्तरी पूर्ण करणाऱ्या सरांचे कान असेच तीक्ष्ण राहोत, गुडघ्यांनी वर्गाच्या त्या जिन्याशी असलेली मैत्री सोडू नये, आणि शंभरीपर्यंतचा प्रत्येक रविवार त्यांनी मोकळा ठेवावा, एवढेच मागणे. साखर मी आणीन.