गरम जॉबचं माप

साळवे मिस्तरींच्या लेथपाशी कुणीही नवं माणूस गेलं, की त्यांचं पहिलं वाक्य ठरलेलं असायचं. "वर काय बघताय? खाली बघा." खाली म्हणजे लेथच्या ट्रेमध्ये, जिथं कापलेल्या लोखंडाच्या चिपा पडतात तिथं. आपण आपले गरगर फिरणाऱ्या चकचकीत जॉबकडे, म्हणजे कापल्या जाणाऱ्या लोखंडाच्या तुकड्याकडे, डोळे लावून उभे, आणि हे गृहस्थ वाकून पकडीनं एक चिप उचलणार, उजेडात धरून तिचा रंग न्याहाळणार आणि मान हलवणार. ती मान कशी हलली त्यावर त्या दिवसाचा मूड ठरायचा.

मी अवसरी बुद्रुकची. मंचरजवळच्या एका कॉलेजात मेकॅनिकलच्या मुलांना लोखंड कसं कापतात ते शिकवते. शिकवते म्हणजे फळ्यावर. टूलचे कोन, वेग, फीड, कटाची खोली, सगळं तोंडपाठ. मुलांच्या प्रोजेक्टचं एक काम घेऊन पेठला हायवेलगतच्या त्यांच्या पत्र्याच्या शेडमध्ये पहिल्यांदा गेले, ती चांगली तोऱ्यात गेले होते. ड्रॉइंग पुढं केलं आणि कोणत्या वेगानं कापायचं तेही सांगून टाकलं. मिस्तरींनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "मॅडम, तुमी सोता कधी टूलला धार लावलीय?"

"नाही."

"मग पोरांना काय शिकवता, राव?"

असा संताप आला म्हणता! घरी येईपर्यंत मनातल्या मनात त्यांच्याशी भांडत होते. पण पुढच्या शनिवारी मी मुकाट्यानं त्यांच्या ग्राइंडरपुढं उभी होते. तीन शनिवार माझी टूलं बिघडली. चौथ्या शनिवारी एकदाची चिप लांब, मऊ वळणाची निघाली, तर म्हणाले, "आता कापतंय. इतके दिवस नुसतं घासत व्हतं. घासलं की गरम व्हतं, गरम झालं की बिघडतं. कापायचं आसंल तर कापा, न्हाईतर हात लावू नका." पुस्तकातली आख्खी दोन प्रकरणं या माणसानं चार वाक्यांत उरकली होती.

पिंपरीच्या एका कारखान्यात वीस वर्षं ते टर्नर होते. कारखाना बंद पडला तेव्हा मिळालेल्या पैशांतून जुना लेथ घेऊन गावाकडं आले. शेडमध्ये बुद्धाची तसबीर, तिच्या खाली बारीक मापं घ्यायच्या मायक्रोमीटरची पेटी, आणि त्या पेटीला दुसऱ्या कुणी हात लावायचा नाही. सुरुवातीची वर्षं बौद्ध वस्तीतल्या या मिस्तरीकडं लोक गेटं आणि खिडक्यांची वेल्डिंग तेवढी आणायचे. बारीक मापाचं काम निघालं की गाडी थेट चाकणला. मी एकदा चिडून त्याबद्दल बोलले, तर ते हसले. "लोकांना वाटायचं, ह्यो काय करणार. मंग मी बोलायचो न्हाई. जॉब करून दाखवायचो." हळूहळू पार आळे गावापासूनचे ट्रॅक्टरवाले त्यांच्याकडं यायला लागले. पण स्वतःच्या गावच्या पंचायतीचं काम मात्र पंधरा वर्षांत एकदाही आलं नव्हतं.

ते आलं दोन वर्षांपूर्वीच्या मे महिन्यात. विहिरीवरून गावाच्या टाकीत पाणी चढवणाऱ्या पंपाचा शाफ्ट, म्हणजे आतला फिरणारा दांडा, तुटला. दुसरा पंप आधीच जळालेला, चाकणवाल्यानं चार दिवस सांगितलेले, आणि गावात हंडे घेऊन बाया टँकरमागं पळतायत. सरपंच सुनीताताई स्वतः शेडवर आल्या. "मिस्तरी, आजच्या आज व्हईल का?"

"व्हईल की," मिस्तरी म्हणाले. बोटं मात्र मायक्रोमीटरच्या पेटीवर गेली. मी शेजारीच उभी होते, मला कळलं.

आणखी एक गोष्ट फक्त मलाच ठाऊक होती. त्यांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकत आला होता. ऑपरेशनची तारीख पुढच्या आठवड्यातली. लेथ ते कानानं आणि बोटांनी चालवत होते, जॉब हातांना दिसायचा म्हणा ना, पण मायक्रोमीटरवरच्या बारीक रेघा दिसत नव्हत्या. त्या माझ्याकडून वाचून घ्यायचे. ती पेटी उघडायची परवानगी मला होती, आणि मला त्याचा कोण अभिमान!

शाफ्टवर बेअरिंगची जागा चाळीस मिलिमीटरची, आणि वर केसाच्या जाडीहूनही कितीतरी कमी एवढंच जास्त ठेवायचं होतं, म्हणजे बेअरिंग आवळून बसतं. मिस्तरींनी शेवटच्या कटाच्या आधी मला बजावलं, "लोखंड तापलं की फुगतं. गरम जॉबचं माप घ्यायचं न्हाई. पाणीबी वतायचं न्हाई, वरून गार आन् आतून गरम ऱ्हातं. त्याचं त्याला गार व्हऊ द्या." हे मी त्याच आठवड्यात वर्गात शिकवलं होतं. सूत्रासकट.

शेवटचा कट झाला. बाहेर माणसं जमलेली. कुणी म्हणतंय, "झालं का?" कुणी म्हणतंय, "मॅडम, घाई करा की." मिस्तरी दाराशी त्यांना समजावायला गेले, थोड्या वेळानं परत आले आणि विचारलं, "गार झाला का?"

मी हात लावला. कोमट होता. मी म्हणाले, "झाला."

माप घेतलं. अगदी हवं तेवढं भरलं. मिस्तरींनी माझ्या शब्दावर जॉब आवळून धरणारा चक सोडला. शाफ्ट विहिरीवर गेला, आणि शेड आवरून तासाभरानं आम्हीही.

पंचायतीचा फिटर गोरख आम्ही पोचेपर्यंत पंप जोडूनसुद्धा मोकळा झाला होता. पाणी टाकीकडं चढत होतं. लोक टाळ्या वाजवत होते. गोरखनं मिस्तरींचे दोन्ही हात धरले. "मिस्तरी, मानलं राव! बेअरिंग कसलं बसलं म्हणता, हातानं सरकलं! हातोडीसुदिक लागली न्हाई!"

मिस्तरींचा चेहरा उतरला. हातानं सरकणारं बेअरिंग म्हणजे सैल बेअरिंग; शाफ्ट मागाहून गार होऊन आकसला होता. त्यांनी माझ्याकडं पाहिलं. बस, एवढंच. मग गोरखला म्हणाले, "पंप बंद कर."

"आवं, पाणी येतंय!" सुनीताताई म्हणाल्या.

"आज येतंय, ताई. बेअरिंग शाफ्टवर फिरायला लागंल, परवा शाफ्टबी खाईल आन् पंपबी. बंद करा. मापात चूक झालीय. माझी."

पंप बंद झाला. टाळ्या वाजवणारे हात खाली आले. आणि मागून एक जण पुटपुटला, पुरतं ऐकू येईल असं पुटपुटला, "तरी म्हनत व्हतो, चाकणलाच न्या."

पंधरा वर्षं तोंडातून चकार शब्द न काढता कमावलेलं त्या माणसाचं नाव माझ्यासमोर मातीत चाललं होतं, माझ्या एका 'झाला'पायी. आणि माझ्या तोंडून शब्द फुटेना. का? कॉलेजातल्या मॅडम! गावातली निम्मी पोरं माझ्या हाताखाली शिकलेली. कबूल केलं, तर मिस्तरींच्या डोळ्यांचंही बाहेर येईल, अशी एक सोयीची पळवाटही मी शोधून ठेवली होती. लाज वाटते आज लिहिताना. मिस्तरी खाली मान घालून शाफ्ट उतरवायला वाकले, त्यांची बोटं नट चाचपायला लागली, आणि मग मात्र मला राहवलं नाही.

"चूक त्यांची नाही," मी ओरडलेच. "माप मी घेतलं. त्यांनी सांगितलं होतं गार होऊ द्या. जॉब गरम होता, आणि मी खोटं बोलले."

मग गोरखनं विचारलं, "पण माप तुमी का घेत व्हता, मॅडम?"

मिस्तरी सरळ उभे राहिले. "मला बारीक दिसत न्हाई म्हणून. मोतीबिंदू हाय. पयलंच सांगायला पायजे व्हतं, पंचायतीचं काम हातचं जाईल म्हणून सांगितलं न्हाई. ही माझी चूक. एक रॉड शिल्लक हाय, ताई. कापायला तास, गार व्हायला तास. विश्वास आसंल तर करतो. नसंल तर रॉड देतो, चाकणला न्या."

सुनीताताईंनी रिकाम्या हंड्यांकडं पाहिलं, मग मिस्तरींकडं. "करा," म्हणाल्या.

पुन्हा शेड, पुन्हा लेथ. मिस्तरींनी कट घेतला, कान जॉबकडं लावून. लेथ थांबला आणि आम्ही सगळे नुसते बसून राहिलो. सुनीताताई स्टुलावर, गोरख उंबऱ्यावर, बाकीचे बाहेर. पाण्यासाठी तळमळणारी माणसं, पण या वेळी 'घाई करा' म्हणून एक जण तोंड उघडेना. तासाभरानं गोरखनंच जॉबला हात लावून पाहिला आणि मान डोलावली.

मी मनाशी ठरवलं होतं की माप आता गोरख घेईल. मी कोपऱ्यात सरकलेही होते. मिस्तरींनी तसबिरीखालची पेटी काढली, उघडली, आणि सगळ्यांच्या देखत माझ्यापुढं धरली.

"मोजा, मॅडम."

"मी नको, मिस्तरी. गोरख आहे ना."

"तुमीच मोजा. चुकलेल्याच हातानं मोजायचं आसतं. त्यो हात आता पुन्ना घाई करणार न्हाई."

मिस्तरींना जाऊन आता आठ महिने झाले. त्यांनी शिकवलेलं बरंच काही मी वर्गात सांगते, आणि हे माझ्या खोटेपणासकट सांगते. त्या दिवशी पहिलं माप मी सोडूनच दिलं. दुसऱ्यांदा घेतलं. तिसऱ्यांदा घेतलं. मग आकडा मोठ्यानं सांगितला. मिस्तरींनी तो गोरखला पडताळायला सांगितला नाही, स्वतः बोट फिरवून पाहिलं नाही. चकात चावी घातली, आणि शाफ्ट सोडवून माझ्या हातात दिला.